दूध म्हणून ताक आणाल, तर कढी करा

नेदरलँड्समध्ये नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या पंधरा दिवसांत कधीतरी 'कार्नमेल्क' घरी आणतोच. आम्हीही आणलं. 2011 चा नोव्हेंबर होता, हेगमध्ये आडवा पाऊस लागला होता आणि मी चहाचं आधण ठेवलं होतं. नावात 'मेल्क' आहे म्हणजे दूधच असणार, असं धरून पाकीट कापलं आणि ओतलं. पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. नवरा म्हणाला, नासकं दूध दिलंय, परत करून येतो. मी बोटावर घेऊन चाखलं, तर चक्क ताक! संध्याकाळी त्याची कढी केली. दाट असतं, म्हणून पाणी थोडं जास्त घालायचं आणि बेसन लावायला विसरायचं नाही.

म्हणून सांगते, आल्या आल्या देशी दुकानाच्या मागे लागू नका. ते सापडतंच. आधी जवळच्या सुपरमार्केटात निवांत तासभर काढा आणि फोनवर भाषांतराचं ॲप उघडून डबे वाचा. आपल्या जिभेच्या ओळखीचं बरंच काही तिथे दुसऱ्या नावाने बसलेलं असतं. 'क्वार्क' म्हणजे जवळजवळ चक्काच. श्रीखंडाला 'फॉला' म्हणजे साईसकट असलेला घ्या आणि पंचात दोन-तीन तास टांगा. आपल्या चक्क्याइतका आंबट नसतो, त्यामुळे साखर बेतानेच घाला.

चीजच्या कपाटापुढे मात्र थांबा. 'कोमैनकास' म्हणजे जिरं घातलेलं चीज. फ्रीसलंड प्रांताच्या एका चीजमध्ये तर लवंगा असतात. मसाल्यांच्या व्यापारावर हा देश गब्बर झाला, सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यालाही डचांची वखार होती, तेव्हा यात नवल नाही. नवल वाटतं ते इतकंच, की एवढे मसाले घरात असून जेवणात घालावेसे यांना वाटले नाहीत! गौडाला इथे 'खाउदा' म्हणतात. शाकाहारी असाल तर लेबलवर 'स्ट्रेमसल' हा शब्द शोधा. दूध विरजवायला जे घालतात ते हे. 'डीरलक' लिहिलं असेल तर ते वासराच्या पोटातून काढलेलं, 'मिक्रोबिएल' असेल तर निर्धास्त घ्या. मुलांच्या चघळायच्या गोळ्या घेतानाही असंच वाचा. जेलाटिनच्या आधी 'व्हारकन्स' म्हणजे डुकराचं, 'रुंडर' म्हणजे गोवंशाचं. आम्हाला हे वर्षभराने कळलं. तोवर काय काय पोटात गेलं, ते सासूबाईंना आजतागायत सांगितलेलं नाही.

आता 'द्रॉप'. ऑफिसात कुणीतरी काळी गोळी पुढे करेल आणि सगळे तुमच्या तोंडाकडे बघत बसतील. ती असते ज्येष्ठमधाची. खारट प्रकारात 'साल्मियाक' असतो, म्हणजे आपला नवसागर! लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागराची पूड टाकून कापसाचा बोळा फिरवायचा आणि पांढरा धूर उठायचा, आठवतं? ती पहिली गोळी तोंडात गेली आणि मला तोच वास आला. मी ती टिश्यूत गुंडाळून खिशात टाकली. आता मात्र गाडीत पाकीट लागतं. सुरुवात गोड 'द्रॉप'पासून करा. आईवडील भेटायला आले आणि त्यांना ब्लडप्रेशर असेल, तर मूठमूठ खाऊ देऊ नका. ज्येष्ठमधाने प्रेशर वाढतं.

मुलांची काळजी करू नका, ती आपल्याआधी रुळतात. शाळेत दुपारी सगळे ब्रेडच खातात. त्यावर लोणी लावून 'हाखलस्लाख' म्हणजे चॉकलेटच्या शेवया पसरायच्या. लोणी आधी, नाहीतर सगळं दप्तरात सांडतं. आमच्या लेकीने तीन आठवड्यांत पोळीभाजीचा डबा नाकारला. मी चिडले, रडलेही. मग गरम पोळीला तूप लावून त्यावर तेच भुरभुरवलं आणि गुंडाळी करून दिली. डबा रिकामा आला. शेजारच्या मुलाने अर्धी मागून घेतली होती म्हणे.

कुणाकडे बाळ झालं आणि बघायला गेलात, तर कुरकुरीत टोस्टवर 'मौशस' मिळतील. नावाचा अर्थ उंदरं, पण घाबरू नका, साखरेत घोळवलेली बडीशेपच ती. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी, मुलगा असेल तर निळी-पांढरी.

बाहेर शाकाहारी खायचं तर स्नॅकबारमध्ये 'कासूफ्ले' मागा, चीज भरलेली तळलेली घडी असते. 'क्रोकेत'मध्ये बहुधा मांस असतं आणि बऱ्याच ठिकाणी सगळं एकाच तेलात तळतात, कडक पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं. फ्राइजवर शेंगदाण्याचा सॉस नक्की घ्या, इंडोनेशियाकडून आलेला आहे. 31 डिसेंबरला 'ओलीबोलन' खायचे, बेदाणे घातलेले, गुलगुल्यांचे चुलतभाऊ. वरची पिठीसाखर काळ्या कोटावर पडते तेवढी सांभाळा.

आणि घरची फारच आठवण आली की सुरिनामी टपरी गाठा. 1873 मध्ये 'लल्ला रूख' जहाजातून कलकत्त्याहून मजूर सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत गेले. पुढे सुरिनाम 1975 मध्ये स्वतंत्र झाला, त्या सुमाराला त्यांचे बरेच वंशज इथे आले. हेगमध्ये ते भरपूर आहेत. त्यांच्या रोटीबरोबर बटाट्याची भाजी आणि चवळीच्या शेंगा येतात. त्यांच्या बाजारात कारली, भेंडीही मिळते. आजीबाई आपल्याशी सरनामीत बोलतात, भोजपुरीच्या वळणाची आहे, हिंदी येत असेल तर निम्मंअधिक कळतं. उडदाच्या डाळीचा जाडसर वडा असतो, भोकाचा, वर तिखट चटणी. त्याचं नाव 'बारा'. लेक पहिल्यांदा माझ्याबरोबर आली तेव्हा मी काउंटरवर म्हटलं, "दोन बारा द्या." ती माझा हात ओढत म्हणाली, "आई, दोन का बारा, नीट सांग ना!"