चोवीस तासांचं बीपी मशीन लावणार असाल तर

"दवाखान्यात माझं बीपी नॉर्मल येतं, मग इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची भिंत जाड कशी?" नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ज्या दवाखान्यात मी टेक्निशियन आहे, तिथे हे सारखं विचारलं जातं. अशा वेळी रात्रीचं बीपी बघावं लागतं. त्यासाठी हे मशीन, दंडावर पट्टा बांधून घरी न्यायचं; ते दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने आपोआप बीपी मोजतं. झोपेत ते दिवसापेक्षा 10 ते 20 टक्के उतरायला हवं. नाही उतरलं तर हृदयाचा डावा कप्पा रात्रभर जोर लावत राहतो आणि तालमीतल्या दंडासारखा त्याचा स्नायू जाड होतो. दंड शोभतो तरी. ही भिंत ताठर होते आणि पुढे धाप लागते. ईसीजीत हे अनेकदा दिसतही नाही.

शर्ट सैल, अर्ध्या बाहीचा घाला. अंघोळ उरकून या. पट्टा फुगला की हात स्थिर, बोलणं बंद. त्या दिवशी दुचाकी नकोच.

खरा प्रश्न दिवस निवडायचा. निफाड-दिंडोरीकडून कुणी आलं की मी आधी विचारते, "दादा, या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा की रात्री?" रात्रीची असेल तर पुढच्या आठवड्यात या म्हणते. बिबट्याच्या धाकात कांद्याला पाणी भरणाऱ्याचं रात्री दोनचं बीपी झोपेचं कसं असेल? सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळी असेल तर तेही आधी सांगा. झोपल्याची, उठल्याची आणि गोळीची वेळ कागदावर लिहा. झोपेची सरासरी त्यावरूनच काढतात. गोळ्या मनाने बंद करू नका.

रिपोर्टात एखादा मोठा आकडा दिसला म्हणून घाबरायचं नाही. झोपेची सरासरी 120/70 च्या खाली आहे का, आणि उतार किती, एवढं बघा. उतार 10 टक्क्यांहून कमी असेल तर डॉक्टर घोरणं, किडनी, साखर यांबद्दल विचारतील. तेव्हा घरचं माणूस सोबत असू द्या, घोरणारा स्वतःहून कबूल करत नाही! मीठही कमी करावं लागेल. मिसळीबरोबरचा पापड आधी सोडा.

गोळी रात्री घेतली की काम झालं, असं शेजारी सांगतात. ब्रिटनमध्ये 21 हजारांवर रुग्णांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळी सकाळी घेतली काय की संध्याकाळी, हार्ट अटॅक, पक्षाघात वा मृत्यूत फरक दिसला नाही. वेळ बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच.

इकोचा जुना रिपोर्ट जपून ठेवा. बीपी आटोक्यात राहिलं तर जाडी काही महिन्यांत कमी होऊ शकते, आणि ते जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.