अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये एक्स्चेंजवर जाताय? मग एवढं माहीत असू द्या

मी अकरावीचं वर्ष आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावात काढलं. गेले होते केनेडी-लुगर 'यस' या शिष्यवृत्तीवर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ती 2002 मध्ये सुरू केली. गावाच्या चारही बाजूंना नजर पोचेल तिथवर मका. तेव्हा पुढे लिहिलंय ते मिडवेस्टमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या मध्य-उत्तर भागातल्या, सरकारी शाळेचं आहे. तुम्हाला दुसरं राज्य मिळालं तर तपशील थोडे बदलतील. एक गोष्ट मात्र बहुतेक सगळीकडे सारखीच: तिथे तुकडी नसते.

आपल्याकडे 'दहावी ब' म्हटलं की बाक ठरलेला, शेजारीण ठरलेली आणि वर्षभराच्या मैत्रिणी आपोआप पदरात पडतात. तिथे खोली शिक्षकांची असते आणि दर तासाला फिरतात ती मुलं. गणिताला शेजारी बसलेली मुलगी दिवसभरात पुन्हा दिसेलच असं नाही. सिरॅमिक्सच्या तासाला नववीचा मुलगा आणि बारावीची मुलगी एकाच टेबलावर माती मळत असतात. अशा ठिकाणी मैत्री, वेळापत्रक, जेवण, सगळंच मागून घ्यावं लागतं. न मागितलेलं कुणी पुढ्यात आणून ठेवत नाही, आणि त्यात तुसडेपणाही नसतो.

याची सवय घरापासूनच लावून घ्या. तिथे आग्रह नावाचा प्रकार नाही. "ॲपल पाय खाणार का?" असं होस्ट आईने (ज्या घरी तुम्ही राहता तिथल्या आईने) विचारलं आणि तुम्ही आपल्या वळणानुसार "नको नको" म्हणालात, की ताटली परत आत जाते. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. भूक असेल तर पहिल्या फटक्यात हो म्हणा. पोचलात की पहिल्या एक-दोन दिवसांतच वही घेऊन बसा आणि विचारा: फ्रिजमधलं काय न विचारता घेतलं तर चालेल, आंघोळ सकाळी की रात्री, कपडे कोण धुतं, रात्री किती वाजेपर्यंत फोन चालतो. जे-1 या एक्स्चेंजच्या व्हिसावरच्या कार्यक्रमांत यजमान कुटुंबाला तुम्हाला ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत, म्हणून भांडी डिशवॉशरला लावणं वगैरे कामं न सांगता उचला. घरात पटेनासं झालं तर लोकल कोऑर्डिनेटरला, म्हणजे तुम्हाला पाठवणाऱ्या संस्थेच्या तिथल्या माणसाला, फोन करा. हा माणूस तुमच्या घरापासून 120 मैलांच्या आत राहणारा असावा आणि त्याने दर महिन्याला तुमच्याशी बोलावं, असा नियमच आहे. त्याला फोन करणं म्हणजे चुगली नव्हे.

आता शाळा. पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरची गाठ घ्या, कारण वेळापत्रक तेच लावून देतात आणि विषय बदलायची मुदत लवकर संपते. इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास किंवा नागरिकशास्त्र बहुधा घ्यावं लागतं. उरलेल्या तासांना कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री असा आपला नेहमीचा मारा करू नका, ते इथेही आहे. सुतारकाम, कॉयर, नाटक, इयरबुक यातलं काहीतरी घ्या. मी सुतारकाम घेतलं होतं. करवत मशीनवर पहिली फळी कापताना हात थरथरत होते, आणि आमचे मास्तर शांतपणे सांगत होते, "लाकूड ढकल, घाई करू नकोस." घरच्यांना हा विषय शेवटपर्यंत पटला नाही.

लॉकरचं कुलूप उघडायला कुणीतरी शिकवेल या भरवशावर राहू नका. कागदावर तीन आकडे मिळतात. आधी चकती उजवीकडे दोन-तीन पूर्ण फेरे फिरवा आणि पहिल्या आकड्यावर थांबा. मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून जाऊ द्या आणि दुसऱ्यावर थांबा. मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर, आणि खाली ओढा. दोन तासांच्या मध्ये जेमतेम चार-पाच मिनिटं असतात, त्यामुळे शाळा सुरू होण्याआधीच्या ओपन हाउसच्या दिवशी हे दहा वेळा करून बघा. तासाला बाथरूमला जायचं तर हॉल पास, म्हणजे शिक्षकांची परवानगीची चिठ्ठी, लागतो. शिक्षक वर्गात आले म्हणून उभं राहायचं नाही, आणि हाक मारताना नुसतं 'सर' न म्हणता 'मिस्टर' किंवा 'मिस' लावून आडनाव घ्यायचं.

सकाळी स्पीकरवर प्लेज ऑफ अलीजन्स, म्हणजे अमेरिकेच्या झेंड्याशी निष्ठेची शपथ, होते. आपण परदेशी, म्हणायची गरज नाही, शांत उभं राहिलं की झालं. खरं तर अमेरिकन मुलांनाही सक्ती करता येत नाही, तसा निकाल सुप्रीम कोर्टाने 1943 मध्येच दिलाय. ड्रिल मात्र गंभीरपणे घ्या. टोरनॅडोची असेल तर कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून, गुडघ्यावर बसून, हात मानेवर. लॉकडाउनची (शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं त्याची) असेल तर दार बंद, दिवे बंद, सगळे कोपऱ्यात, चिडीचूप. पहिल्या वेळी पोटात गोळा येतो. आजूबाजूच्या मुलांना त्याची सवय आहे हे पाहून आणखीच.

अभ्यास अवघड नाही, पण रोजचा आहे. शेवटच्या महिन्यात रात्री जागून वर्ष काढायची आपली कला तिथे कामाची नाही. छोटा गृहपाठ, क्विझ, प्रोजेक्ट, सगळ्याचे गुण ऑनलाइन चढतात, आणि न दिलेल्या कामाचा एक शून्य सरासरीला चांगलाच खाली ओढतो. मार्क कमी पडले तर शिक्षकांना जाऊन विचारा: पुन्हा टेस्ट देता येईल का, एक्स्ट्रा क्रेडिट मिळेल का? बरेचदा उत्तर हो असतं. नेटवरचा परिच्छेद जसाच्या तसा उतरवणं मात्र तिथे चोरीच धरतात.

जेवणाच्या सुट्टीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पहिले काही आठवडे तीच सर्वात जड जाते. ट्रे घ्यायचा, की-पॅडवर आपला नंबर दाबायचा, खात्यातून पैसे वजा होतात. इथपर्यंत सोपं. मग ट्रे हातात घेऊन वळलं की समोर टेबलं भरलेली, आणि प्रत्येक टेबल वर्षानुवर्षांचं. मुलं हसून "हाय" म्हणतात, पण "इथे बस" म्हणत नाहीत. तुम्हीच म्हणायचं, "मी इथे बसू का?" नाही म्हणणारं कुणी मला भेटलं नाही. शाकाहारी असाल तर एवढं बघा: पेपरोनी म्हणजे मिरची नव्हे, मांस, जेलो आणि मार्शमेलोत जिलेटिन असतं, रीफ्राइड बीन्समध्ये कधी डुकराची चरबी असते, सीझर ड्रेसिंगमध्ये मासे. आमच्याकडे बीफ चिली (गोमांसाचा तिखट रस्सा) आणि सिनॅमन रोल एकाच ट्रेमध्ये वाढायचे. तिकडे ही जोडी लाडकी आहे. मी चिलीऐवजी जास्तीचं फळ मागून घ्यायचे. आणि हो, शेंगदाण्याची चिक्की शाळेत वाटण्याआधी नर्सला विचारा. काही मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतते.

मैत्रीचा खरा रस्ता मैदानातून जातो. शाळेनंतर सगळा गाव तिथेच असतो. बास्केटबॉलसारख्या खेळांत निवड चाचणी असते, पण क्रॉस-कंट्री (माळरानावरची लांब पल्ल्याची धावण्याची शर्यत) आणि ट्रॅकमध्ये बहुधा कुणालाच काढत नाहीत. धावता येत नसलं तरी नाव द्या. क्रॉस-कंट्रीचा हंगाम ऑगस्टमध्येच सुरू होतो आणि डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म दिल्याशिवाय सरावाला उभं करत नाहीत, म्हणून पोचल्या पोचल्या विचारा. मी 5 किलोमीटरच्या शर्यतीत कायम शेपटाला असायचे. तरी शेवटच्या वळणावर आमच्या मुली माझं नाव चुकीच्या उच्चारात ओरडत उभ्या असायच्या, आणि परतीच्या पिवळ्या बसमध्ये माझी जागा आपोआप धरलेली असायची. तुकडी मला मिळाली ती अशी. शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला होस्ट आईवडिलांजवळ न बसता विद्यार्थ्यांच्या बाजूला बसा. खेळ कळला नाही तरी चालतं, निम्म्या मुलांचंही लक्ष तिकडे नसतं. होमकमिंगच्या (माजी विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या सोहळ्याच्या) आठवड्यात पायजमा डे असला तर खरंच पायजम्यात जा.

नोव्हेंबरात इंटरनॅशनल एज्युकेशन वीक असतो, तेव्हा भारताबद्दल बोलायला सांगतात. ताजमहालाच्या स्लाइड नकोत. टेबल मांडून प्रत्येकाचं नाव देवनागरीत लिहून द्या. माझ्याकडे रांग लागली होती, आणि काहींनी ते कागद लॉकरवर चिकटवले.

दोन नियम मोडू नका. गाडी चालवायची नाही, मित्राने कितीही आग्रह केला तरी. बहुतेक संस्था यावर थेट परत पाठवतात. आणि नोकरी करता येत नाही. अधूनमधून कुणाचं मूल सांभाळणं, अंगणातली पानं झाडणं एवढंच चालतं.

परतीची तयारी जाण्याआधीच करा. तिथला डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, मिळेलच असं नाही, आणि इथे आल्यावर थेट बारावीला बसता येईल हेही धरून चालू नका. आपल्या कॉलेजशी आधी बोला आणि उत्तर लेखी घ्या. मे महिन्यात शाळेच्या ऑफिसमधून ट्रान्सक्रिप्टच्या (गुणपत्रकाच्या) बंद पाकिटातल्या, शिक्क्याच्या दोन-तीन प्रती मागून घ्या. नंतर इथून ईमेल करून मागवायच्या म्हटलं तर उन्हाळ्यात तिथलं ऑफिस बरेचदा बंद असतं.