चांदीने मढवलेले जुने गाउचो सुरे कसे पारखावेत

अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील येथील गवताळ मैदानांवर गुरे राखणाऱ्या गाउचो घोडेस्वारांसाठी सुरा हे हत्यार होते, जेवणाचे साधन होते आणि ऐपतीप्रमाणे चांदीने मढवून मिरवायचा दागिनाही होता. नाशिकमध्ये राहून असे जुने सुरे जमवायचे असतील, तर सौंदर्याआधी पात्याची लांबी पाहावी. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनुसार, घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी न बनवलेले आणि ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या यादीत येतात. कमरेला पाठीमागे खोचला जाणारा ‘फाकोन’ बहुधा ही मर्यादा ओलांडतो. म्हणून सुरुवात पुढच्या बाजूला खोचल्या जाणाऱ्या लहान ‘बेरिहेरो’पासून करावी. परदेशातून मागवण्यापूर्वी सीमाशुल्क विभागाकडे लेखी विचारणा करावी. हस्तिदंत किंवा हरणाच्या शिंगाची मूठ असलेला सुरा कितीही देखणा असला तरी टाळावा, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याशी त्याची गाठ पडते.

पारख करताना पाते आणि मूठ यांचा स्वतंत्र विचार करावा, कारण ही बहुधा दोन वेगळ्या देशांतील कारागिरांची कामे असतात. पाती मोठ्या प्रमाणावर जर्मनीतील झोलिंगेन आणि इंग्लंडमधील शेफिल्ड येथून येत. बोकर कंपनीची झाडाची मुद्रा असलेली पाती तर तिकडे ‘आर्बोलितो’, म्हणजे ‘छोटे झाड’, या नावानेच ओळखली जात. काही पाती मोडक्या तलवारी व संगिनी कापूनही केलेली आढळतात. मूठ आणि म्यान मात्र स्थानिक चांदीकार घडवत. चांगल्या पात्याला पुढे नवी मूठ बसवण्याची पद्धत असल्याने पाते मुठीहून जुने निघाले, एवढ्यावरून वस्तूला बनावट ठरवणे अन्यायाचे होईल. विक्रेत्याने ती जोडणी मूळची म्हणून विकली, तर मात्र ती फसवणूक आहे. पाते घासून अरुंद झाले आहे आणि मुठीवरची फुले कोरी करकरीत आहेत, असे दिसल्यास त्याचा खुलासा मागावा.

चांदीवर ८००, ९०० किंवा ९२५ असे आकडे असू शकतात. ते नसले तरी चांदी खोटी ठरत नाही, कारण अनेक कारागीर ठसा मारतच नसत. खरा घोटाळा ‘आल्पाका’चा असतो. तांबे, निकेल आणि जस्त यांचा हा मिश्रधातू आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणून परिचित आहे आणि नावाखेरीज त्यात चांदी नसते. जुने आल्पाकाचे सुरेही संग्रहात ठेवण्याजोगे असतात, फक्त चांदीच्या भावाने घेऊ नयेत. वजनावरून अंदाज बांधणे व्यर्थ आहे, कारण पोकळ मुठीत बहुधा पात्याची शेपटी आणि राळेसारखा भराव असतो. सराफ बाजारातील जाणत्या सोनाराला वस्तू जरूर दाखवावी, परंतु कानस किंवा आम्ल लावू देऊ नये. क्ष-किरण यंत्रावर कस तपासून घेणे उत्तम. तरीही ते यंत्र मुख्यतः पृष्ठभागच वाचत असल्याने, मुलामा असेल तर झिजलेल्या जागी तपासणी केल्याशिवाय निकाल खरा मानू नये.

नक्षीकडे भिंगातून निवांत पाहावे, कारण या छंदातील खरी गोडी तेथेच आहे. पत्रा राळेवर ठेवून हाताने ठोकलेल्या उठावाच्या कामात दोन पाकळ्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. साच्यात दाबलेल्या कामात त्या जुळतात. म्यानाच्या मागील बाजूचा डाग, म्हणजे सांधा, नीट न्याहाळावा. दुरुस्तीचा डाग शिशाचा आणि राखाडी असेल, तर किंमत कमी करून मागण्यास हरकत नाही. मुठीवर सोन्याची आद्याक्षरे असल्यास ती मागाहून चिकटवली आहेत का, हे कडेच्या झिजेवरून समजते.

देवघरातील चांदी रांगोळीने घासण्याची सवय येथे घातक ठरते. खोबणीतील काळेपणा हा सिल्व्हर सल्फाइडचा थर असून त्यामुळेच उठाव खुलतो; मऊ सुती कापडाने पुसणे पुरेसे आहे. गरम पाण्यात सुरा बुडवल्यास आतील भराव सैल होतो. चामड्याच्या म्यानात पाते कायम ठेवू नये, कारण चामडे कमावण्याची द्रव्ये आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे पोलाद गंजते. पात्याला खनिज तेलाचा हलका हात देऊन ते सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगळे ठेवावे. खरेदीची पावती, मापे आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे जपून ठेवावीत. वस्तू १०० वर्षांहून जुनी असल्यास तिला १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा लागू होऊ शकतो, आणि मग ती खासगीरीत्या देशाबाहेर विकता येत नाही.