आधी बाटली नीट भरा: नदीतलं शैवाल मोजायला येणाऱ्यांसाठी

पहिल्याच दिवशी मी काठावर वाकून नमुन्याची बाटली भरली. पाणी मस्त हिरवट होतं. बोटीतले ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अगं, हे नदीचं नाही, डबक्याचं पाणी आहे. ओत ते." तेव्हा राग आला होता. आता नव्या मुलांना मीच हे ऐकवते.

मोठ्या नदीत काठाजवळ, वळणाच्या आतल्या बाजूला पाणी रेंगाळतं. तिथं शैवालाला वाढायला सवड मिळते. मुख्य धार तोवर पुढं निघून गेलेली असते. उपनदी येऊन मिळाली की दोन्ही पाणी कित्येक किलोमीटर शेजारी-शेजारी वाहतं, धड मिसळत नाही. म्हणून पात्राच्या आडव्या रेषेवर डावीकडे, मधे, उजवीकडे, आणि वेगवेगळ्या खोलीवर नमुने घ्यायचे. सोबत वेळ आणि त्या दिवशीचा विसर्ग, म्हणजे दर सेकंदाला नदीतून किती पाणी वाहतंय ते, लिहायचाच. विसर्ग कमी असला की पाणी नदीत जास्त दिवस राहतं आणि पेशींना दुप्पट-चौपट व्हायला वेळ मिळतो. विसर्ग न लिहिलेला आकडा माझ्या मते केरात टाकावा.

सेक्की तबकडीबद्दल वाचलं असेल: पाण्यात सोडायची आणि किती खोलवर दिसते त्यावरून पाणी किती नितळ ते ठरवायचं. अँजेलो सेक्की यांनी १८६५ साली वापरली ती. तळ्यात तिच्यावर भागतं. नदीत ती बहुतेकदा गाळच मोजते.

आपण खरं तर शैवाल मोजतच नाही, त्यातलं क्लोरोफिल-ए हे हरितद्रव्य मोजतो. काचतंतूंच्या फिल्टरमधून मोजून पाणी ओढायचं. गढूळ पाण्यात फिल्टर लवकर तुंबतो आणि पंपाचा जोर वाढवायचा मोह होतो. वाढवू नका, पेशी फुटतात आणि आतला माल खाली निघून जातो. जेवढे मिलिलिटर गेले तेवढे लिहून मोकळं व्हा. फिल्टरवर तपकिरी-हिरवा गोल उमटतो. तो चिमट्याने मधोमध दुमडायचा, डाग आत, आणि लगेच फॉइलमध्ये गुंडाळून थंडीत. पहिल्या हंगामात मी फिल्टर खिडकीजवळ वाळत ठेवले होते. उजेडानं क्लोरोफिल विरत गेलं, आकडे घसरले आणि नदी सुधारली म्हणून मी दोन दिवस खुशीत!

पुढं ९० टक्के ॲसिटोनमध्ये, अंधारात अर्क काढायचा. नळीवर मार्करनं नाव घालू नका, ॲसिटोनचा एक ओघळ आला की नाव गेलं. माझ्या बारा नळ्या अशा बेवारस झाल्यात. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे अर्क कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, ६६४ नॅनोमीटरचं वाचन घ्या आणि त्यातून ७५० चं वजा करा, ते गढूळपणाचं असतं. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ६६५ ला पुन्हा बघा. आम्लानं रेणूतलं मॅग्नेशियम निघतं आणि क्लोरोफिलचं फिओफायटिन होतं. शैवाल ताजं असेल तर आधीचं वाचन नंतरच्या सुमारे १.७ पट भरतं. ते १ च्या जवळ आलं तर समजा, तुम्ही मेलेलं, गाळाबरोबर वाहून आलेलं हरितद्रव्य मोजताय.

पाण्यात सोडून ठेवायचे, क्लोरोफिलवर प्रकाश टाकून त्याची चमक मोजणारे प्रोब सोयीचे, पण भोळसट. भर दुपारी त्यांचा आकडा खाली येतो. शैवाल कमी झालेलं नसतं. कडक उन्हात पेशी जादा प्रकाश उष्णतेच्या रूपात सोडून देतात आणि चमक घटते. रात्रीच्या वाचनांवर जास्त विसंबा. प्रोबच्या काचेवरच शेवाळ चढतं, तेही पुसत चला.

क्लोरोफिलचा आकडा जात सांगत नाही. डायटम (काचेसारखं कवच असलेलं सूक्ष्म शैवाल) आहेत की विष बनवू शकणारे नील-हरित जीवाणू, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. त्यासाठी वेगळी बाटली ठेवा आणि फिक्कट चहासारखा रंग येईपर्यंत तिच्यात लुगॉलचं आयोडिन, म्हणजे पेशी टिकवणारं आयोडिनचं द्रावण, घाला. पहिला महिनाभर मला वाळूचा कणही डायटम वाटायचा. फोकस जरासा वरखाली करा. कवचावरच्या बारीक, सारख्या अंतरावरच्या रेघा दिसल्या तरच मोजा.