‘ळ’ शिकवायचा तर हात वापरा

अमरावती-अकोल्याकडच्या खेड्यांत ‘केळी’ची ‘केयी’ होते, ‘डोळा’ ‘डोया’ होतो. वऱ्हाडीत ते बरोबरच आहे, त्यावरून पोरांना हसू नका. पण पुस्तकातला ‘ळ’ शिकवताना नुसतं ‘असं नाही, असं म्हण’ करून भागत नाही. जीभ तोंडात काय करते ते पोराला दिसणार कसं?

डावा पंजा पालथा, थोडा खोलगट धरा: ही टाळू. त्याखाली उजवा पंजा उताणा: ही जीभ. ‘ळ’ म्हणताना उजव्या हाताची बोटं वर-मागे वळवून टाळूला टेकवा अन् झटक्यात पुढे खाली आणा. ‘ल’ला बोटं न वळता पुढेच, दातांमागे टेकतात. ‘य’ला टेकतच नाहीत. पोरांनाही हे करू द्या. आवाज आणि हात एकाच वेळी निघाले पाहिजेत.

सुरुवात ‘अळ, इळ, उळ’ने करा. ओळखीचा शब्द आला की जुनी सवयच आधी बोलते. बाळ, शाळा, केळी नंतर. ‘न-ण’लाही हाच हात चालतो. ‘त-थ’साठी मात्र तळहात तोंडासमोर धरा, ‘थ’ला वारा लागतो. जमू लागलं की हात कमी करत जा. बरेच आवाज अडत असतील तर आधी कान तपासून घ्या.