जिल्हा परिषद शाळेसाठी सीएसआर निधी: तयारी जूनपासूनच

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने समाजासाठी करायच्या खर्चाचा, प्रस्ताव लिहायला अनेक स्वयंसेवी संस्था जानेवारीत बसतात, कारण कंपन्यांचे फोन त्याच सुमारास सुरू होतात. ३१ मार्चपर्यंत खर्च न झालेली रक्कम कंपनीला सहा महिन्यांत कायद्याने नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. दीर्घ मुदतीच्या प्रकल्पाची असेल, तर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून तीन वर्षांत संपवावी लागते. ही घाई कंपनीची असते. संस्था तिच्यात सापडली, की शाळेला हवे ते बाजूला राहते आणि मार्चच्या आत विकत मिळेल ते येते, बहुधा दप्तरे किंवा टॅब. म्हणून तयारी जूनमध्ये, शाळा उघडताना करावी.

आधी कंपनी निवडताना नजर जवळ ठेवा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार आधीच्या वर्षी निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एकही निकष गाठणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. यातला ५ कोटींचा निकष महत्त्वाचा. तालुक्याच्या एमआयडीसीतले मध्यम कारखानेही त्यात बसू शकतात, आणि कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर वेगळी समिती लागत नाही. संचालक मंडळच ठरवते. मोठ्या शहरातल्या मुख्यालयाला शंभर ईमेल करण्यापेक्षा अशा कारखान्याच्या एचआर प्रमुखाला शाळेत आणलेले बरे.

संस्थेची कागदपत्रे म्हणजे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (सीएसआरचे काम करण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे केलेली नोंदणी), आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदण्या (मुदत तपासून), तीन वर्षांचे लेखापरीक्षण आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. गाडे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. विश्वस्त बदलले, पण धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज गेला नाही किंवा गेला तरी मंजूर झाला नाही. मग परिशिष्ट १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, जुनी नावे, करारावर नव्यांच्या सह्या, आणि कंपनीचा वकील फाइल परत पाठवतो. हे निस्तरायला महिने जातात, म्हणून सर्वांत आधी हेच पाहा.

आता शाळा. मुख्याध्यापकांनी तोंडी ‘हो’ म्हणणे पुरेसे नाही. त्यांची बदली होते. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तिनेच करायचा असतो. मागणी त्या आराखड्यात हवी, समितीचा ठराव हवा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचे परवानगीपत्र हवे. बांधकाम असेल, तर पंचायत समितीच्या अभियंत्याला अंदाजपत्रक दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका. प्रस्तावात शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा स्वतंत्र क्रमांक) लिहा. एका नावाच्या शाळा तालुक्यात दोन-तीन असू शकतात.

मागणी ठरवताना एक प्रश्न टाळू नका: पैसा संपल्यावर हे कोण चालवणार? डिजिटल वर्ग दिला, पण वीजबिल थकून जोडणी तुटली, तर पडदा भिंतीवर नुसता लटकतो. स्वच्छतागृह बांधले, पण टाकीत पाणी नाही, तर त्याला कुलूप लागते. वीज, पाणी, सफाई, दुरुस्ती, प्रत्येकासमोर शाळा, ग्रामपंचायत किंवा संस्था यांपैकी एक नाव लिहून करारातच बांधा. ग्रामपंचायत नकार देत असेल, तर तो नकार आधी कळलेला चांगला.

अंदाजपत्रकात हमखास वाद होतो तो ५ टक्क्यांवरून. ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालणार नाही’ असे कंपनीचा माणूस ठामपणे सांगतो. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनावरच्या खर्चाला आहे. प्रकल्पावरचा शिक्षक, त्याचा प्रवास, देखरेख हा प्रकल्पाचाच खर्च. तो कामाच्या नावाने, ओळीओळीने मांडा. ‘प्रशासन’ असा ढोबळ रकाना ठेवलात, तर कात्री तिथेच चालणार. हप्ते ४०-४०-२० असे सुचवले जातात. शेवटचा हप्ता १० वर आणता आला तर पाहा. तो उपयोगिता प्रमाणपत्रानंतर (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) येतो आणि तोवर पगार संस्थेच्या खिशातून जातात.

कुटुंबांच्या बाबतीत वेळापत्रक गावाचे धरावे. पालकसभा संध्याकाळी घ्या, मजुरी बुडवून कोणी येत नाही. ऊसतोडीच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास कुटुंबे निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. अशा शाळेत ‘मार्चपर्यंत ९५ टक्के उपस्थिती’ हे लक्ष्य स्वीकारले, तर अपयश सहीबरोबरच लिहून दिले. त्याऐवजी मागे राहिलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय, परतलेल्यांचे वर्ग अशी मोजता येणारी कामे ठेवा. वाटपात आधार कार्डांच्या झेरॉक्स गोळा करू नका. शाळेची हजेरी पुरते. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीनेच घ्यावेत, आणि मदत हातात देतानाचा फोटो काढूच नये. कंपनी हट्ट धरेल. वर्गात काम चालू असतानाचा फोटो द्या.

शेवटची पायरी हस्तांतरणाची. सीएसआरमधून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती पात्र नोंदणीकृत संस्था, लाभार्थ्यांचा गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच असावी लागते. म्हणून शाळेला दिलेल्या प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, वॉरंटीची तारीख आणि किंमत हस्तांतरण पत्रात लिहा, मुख्याध्यापक व समितीचे अध्यक्ष यांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (शाळेच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) नोंद करून त्या पानाची प्रत मागून घ्या. ती नोंद नसेल, तर नव्या मुख्याध्यापकांच्या लेखी तो प्रोजेक्टर शाळेचा नसतोच, आणि दुरुस्तीचा खर्च कोणीही टाकत नाही.