पावसाळ्यातला साल्मोनेला: धडधाकट जनावरावरही नजर ठेवा

पावसाची झड लागून गोठ्यात ओल धरली की वासरांची हगवण सुरू होते. प्रत्येक हगवण साल्मोनेला या जिवाणूची नसते. पण 2 ते 6 आठवड्यांचं वासरू तापलं असेल, शेणात रक्त-आव दिसत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकांना बोलवा.

या जिवाणूची खरी खोड पुढे कळते. बरं झालेलं जनावर खातं-पितं, दूध देतं आणि अधूनमधून शेणातून जंतू टाकत राहतं. त्यामुळे शेणाचा एक नमुना निर्दोष आला म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रवास, विणं, उकाडा असा ताण आला की जंतू जास्त पडतात. विकत आणलेलं जनावर निदान 3 आठवडे वेगळं बांधायचं ते यासाठीच.

हे सगळं या जिवाणूला जमतं ते जनुकांच्या जोरावर. एसपीआय-1 नावाच्या जनुकांच्या गटातून सुईसारखी रचना तयार होते. तिच्यातून तो आपली प्रथिनं आतड्याच्या पेशीत टोचतो आणि आत शिरतो. एसपीआय-2 हा गट पुढचं काम करतो: ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला गिळून मारायचं, त्यांच्यातच तो मुक्काम ठोकतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘इन्व्ह-ए पॉझिटिव्ह’, म्हणजे इन्व्ह-ए हे जनुक सापडलं, असं वाचून हबकू नका. हे जनुक जवळपास सगळ्याच साल्मोनेलात सापडतं, म्हणून ते ओळख पटवायला वापरतात. आजार किती जोर धरेल हे त्यावरून कळत नाही. माझं विचाराल तर कल्चर (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवणं) करून कोणतं औषध लागू पडतं ती चाचणी मागा, पैसे तिथे घाला. उरलंसुरलं अँटिबायोटिक अंदाजाने पाजलं तर औषधाला दाद न देणारे जंतूच मागे उरतात.

कोंबड्यांत साल्मोनेलाचा एन्टेरिटिडिस हा प्रकार अंडाशयातूनच अंड्यात उतरू शकतो, तेव्हा कवच स्वच्छ आहे एवढ्यावर भागत नाही. उंदीर हटवा, खाद्य कोरडं ठेवा.

शेणावर जंतुनाशक ओतणं म्हणजे पैसे वाया. आधी खरवडा, साबणाने धुवा, वाळू द्या, मग फवारा. आणि कामाचा क्रम पाळा: आधी वासरं, मग दुभती, आजारी जनावर सगळ्यात शेवटी, त्याची बादली आणि गमबूट वेगळे.